देव राखतो, म्हणून घर सोडावं

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा चढायला लागल्या की आमच्या बेळगाव सीमाभागातल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी तीच नावं येतात. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, भोज-कारदगा, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी. घाटमाथ्यावर चार दिवस लागून पडला की आधी हे सखल बंधारे-पूल जातात, मग नदीकाठच्या मळीतला ऊस, मग नदीकडची गल्ली. आणि या सगळ्या दिवसांत गावात एक वाक्य सारखं कानावर पडत असतं. "देव हाय की वो, भ्यायचं कशाला?"

या वाक्यावर दोन प्रकारची माणसं बोलतात. पुण्यात किंवा बेंगळूरला नोकरीला असलेला मुलगा फोनवर चिडतो, पाणी दारात आलं आणि तुम्ही देवाचं नाव घेत बसलाय म्हणतो. दुसरीकडे सप्ताहाला आलेले एखादे महाराज सांगून गेलेले असतात, की श्रद्धा खरी असेल तर पाणी उंबरा ओलांडत नाही. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे. देव राखतो म्हणणाऱ्यानं जागेवरून हलायचं नाही, असं दोघांनाही वाटतं. एकाला तो अडाणीपणा दिसतो, दुसऱ्याला भक्ती.

माझा अनुभव आणि माझं मत याच्या उलट आहे. ज्याला राखणारा कुणी आहे असं मनापासून वाटतं, तो माणूस हलू शकतो. अडकून बसतो तो भ्यालेला माणूस. आमच्या सीमाभागात गेल्या काही वर्षांत देवाचं नाव फार मोठ्यानं घेतलं जातंय, पण त्या मानानं माणसं निर्धास्त झालेली दिसत नाहीत, उलट जास्त बिथरलेली दिसतात. म्हणून या भरवशाबद्दल जरा सरळ बोलायला हवं. तो खरा कधी असतो, कुणाच्या तोंडी शोभतो आणि त्याच्या नावावर काय काय खपवलं जातं, हा नुसता देवघरातला विषय राहिलेला नाही.

पुरापासूनच सुरुवात करतो. सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. आमच्याकडं तिला नुसतं वाडी म्हणतात. पौर्णिमेला वाडीला जाऊन येणं हा चिकोडी-निपाणीकडच्या कितीतरी घरांचा नेम. पावसाळ्यात नदी तिथं देवळात शिरते. उत्तरेच्या दारानं आलेलं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणतात, आणि त्या पाण्यात अंघोळ करायला लोक लांबलांबून येतात. पुराला दार उघडून आत घेणारं आणि त्याचा सोहळा करणारं दुसरं देवस्थान मला माहीत नाही. पण त्याच दिवसांत तिथले पुजारी काय करतात तेही बघण्यासारखं आहे. पाणी चढायची चिन्हं दिसली की उत्सवमूर्ती उचलून वरच्या अंगाला नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते. पूजा-आरती तिथं चालू राहते. पादुका पाण्याखाली, मूर्ती कोरड्या जागी, आणि दोन्हीकडं देव आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही.

मूर्ती हलवली म्हणजे पुजाऱ्यांची श्रद्धा कमी पडली, असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मग गोठ्यातली गाभण म्हैस आणि घरातली म्हातारी हलवताना श्रद्धा का आडवी यावी?

हुक्केरी तालुक्यातल्या हुन्नूरच्या विठोबाची गोष्ट तर याच्याही पुढची. घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं, गाव उठलं, आणि जुनं दगडी देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की ते बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात, पाऊस झाला की पुन्हा बुडतं. ज्यांचा देवच वर्षातले कित्येक महिने पाण्यात उभा असतो, त्यांना 'देव असता तर असं झालं असतं का' हा प्रश्न शहरातल्या चर्चेतून शिकावा लागत नाही. तो त्यांनी कधीच विचारून घेतलाय, आणि तरीही मे महिन्यात तिथं माणूस जातो. देव राखतो म्हणजे गाव बुडणार नाही, असा अर्थ त्यांनी धरला असता तर त्या देवळाकडं कुणी फिरकलं नसतं.

आता माणूस घर का सोडत नाही ते बघू. 2005, 2019, 2021 असे मोठे पूर आपण पाहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात सगळ्यात जास्त तडाखा बसला तो बेळगाव जिल्ह्याला. 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली. या प्रत्येक वेळी एनडीआरएफच्या बोटी दारात आल्यावरसुद्धा माडीवरून न उतरणारी माणसं होती. त्यांना विचारलं तर 'देवाच्या मनात असंल ते होईल' असं उत्तर येतं. पण जरा वेळ बसलं, चहा झाला, की खरी कारणं बाहेर पडतात. मागच्या पुरात घर मोकळं ठेवलं तेव्हा चोरी झाली. जनावरांना दावणीवरून सोडलं तर परत मिळतील का, काळजी केंद्रात, म्हणजे सरकारी निवाऱ्यात, माणसांची सोय होते, म्हशींची कुठं होणार? पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा आपण दारात नसलो तर यादीत नाव लागेल का? पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर झाले तेव्हा पडझडीच्या 'ए' वर्गात कोण, 'बी'त कोण, 'सी'त कोण यावरून किती घरांत आणि किती पंचायतींत भांडणं लागली, ते इथल्या माणसांना सांगायला नको. भावाभावांत वाटणी झालेली नाही, घर एकाच्या नावावर आहे आणि राहतोय दुसरा, अशा घरातला दुसरा माणूस तर भिंतीला चिकटून बसतो, कारण ती भिंत हाच त्याचा पुरावा.

यात देव कुठं आहे? ही सगळी भीती आहे, आणि बऱ्याच अंशी रास्त भीती आहे. तिला 'देवाच्या मनात असंल ते' हे पांघरूण घातलं की ती झाकते आणि माणसाची लाजही राखली जाते. अशा माणसाला अंधश्रद्धाळू म्हणून हिणवलं तर तो आणखी आक्रसतो. त्याच्या भीतीला उत्तर द्यायला हवं. काही उत्तर सरकारनं द्यायचं असतं, म्हणजे जनावरांसाठी छावणी, मोकळ्या गल्लीत गस्त, गैरहजर माणसाचंही नाव यादीत लागेल ही खात्री. आणि जे सरकारला कधीच देता येणार नाही, तेवढ्यापुरतं उत्तर देवाकडून येतं.

ते काय असतं? तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणत वाढलेल्यांना आठवेल. तिच्यातल्या कवचात डोकं, कपाळ, डोळे, कान, जीभ, खांदे, हात, गुडघे, पाय असं एकेक अंग रामाच्या हवाली केलेलं आहे. त्या यादीत कौलं, ऊस, दागिने नाहीत. मला यात मोठं शहाणपण दिसतं. ज्या पायांनी पाण्यातून वाट काढायची, ज्या खांद्यावर पोर घ्यायचं, ज्या जिभेनं शेजाऱ्याला हाक मारून उठवायचं, तेवढं शाबूत राहू दे. बाकीचं गेलं तर पुन्हा उभं करता येईल, हा धीर तिथं रोज संध्याकाळी घोटवला जायचा. असा धीर असलेली बाई अर्ध्या रात्री दावं कापून म्हैस मोकळी करते, कुलूप न लावता निघते, आणि पंधरवड्यानं परत येऊन गुडघाभर गाळ उपसायला बसते. तिला कुणी निष्क्रिय म्हणून दाखवावं!

हा धीर एकट्यानं येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. बेळगाव, खानापूरकडच्या गावांत वार पाळायची रीत आहे. ठरलेल्या वारी शेतात कुणी जायचं नाही, कामं बंद, गावदेवीला गाऱ्हाणं घालायचं. मूळ काय असेल ते असो. साथीच्या दिवसांत गाव एका जागी थांबवायची ती जुनी तऱ्हा असावी असा माझा कयास आहे. महत्त्वाचं हे की गाऱ्हाण्यात 'माझं' राख असं नसतं, 'गावाचं' राख असतं. गुरंढोरं, लेकीसुना, वाटसरू सगळे त्यात येतात. 2019 च्या पुरात काळजी केंद्रांत सरकारी तांदूळ पोचायच्या आधी शेजारच्या गावांतून कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी पोचली, ती याच स्वभावातून. लिंगायत मठांत दासोह, म्हणजे अन्नदान, शतकानुशतकं चालत आलाय, वारकऱ्यांच्या पंगती आहेत, आमच्याकडच्या मोहरमला पंजांपुढं नारळ फोडणारी हिंदू घरं आहेत. देव सगळ्यांना राखतो असं मानलं की राखायच्या कामात आपलाही हात लागतो. पुरात भाकरी कन्नड घरातून आली की मराठी घरातून हे विचारलेलं मी पाहिलं नाही. एरवी पाटीवरची अक्षरं मोजणारी आम्ही माणसं आहोत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता दुसरी बाजू. 'देवाची मर्जी' हे वाक्य सोसणाऱ्याच्या तोंडी शोभतं. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्यानं ते म्हणायचं नसतं. दर मोठ्या पुरानंतर सत्तेतली माणसं निसर्गाच्या कोपावर बोलतात, देवस्थानाला साकडं घालतात, नदीची ओटी भरतात. ओटी भरायला माझी हरकत नाही. पण वर महाराष्ट्रातल्या कोयना धरणातून किती पाणी कधी सुटणार आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती अडवायचं, हे देव ठरवत नाही. अलमट्टीची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा आग्रह कर्नाटकाचा, त्याला विरोध महाराष्ट्राचा. आणि इकडच्या गावांत बोललं जातं की वरच्यांनी न सांगता सोडलं, तर तिकडच्या गावांत बोललं जातं की खालच्यांनी अडवून धरलं. दोन राज्यांचे अभियंते पावसाळाभर रोज एका आकड्यावर बोलले तर जे होईल, ते होम-हवनानं होणार नाही. सोसणाऱ्याच्या भरवशाआड जबाबदार माणसानं लपणं हे मला सरळ देवाची फसवणूक वाटते. सीमाप्रश्नाचंही तसंच झालंय. 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि गल्लीतली म्हातारी माणसं 'आता देवच निकाल लावील' म्हणतात. ती म्हणोत, त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. पुढाऱ्यांनी म्हणू नये.

या भागात देवाबद्दल बोलायचं आणि सौंदत्तीच्या डोंगरावर जायचं नाही, असं होऊ शकत नाही. माघी पौर्णिमेला, आणि कोल्हापूरकडून मार्गशीर्षातही, यल्लम्माच्या डोंगरावर माणूस मावत नाही. भंडाऱ्यानं पिवळे झालेले कपाळ, चौंडक्याचा आवाज, डोक्यावर जग, म्हणजे देवीची परडी, घेतलेल्या जोगतिणी, 'उदं गं आई उदं'. एकाच रांगेत कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत रडणं चालतं. देवीनं अजून कुठल्या भाषेची सक्ती केलेली नाही. कर्ज, आजार, नवऱ्याचं दारू पिणं, पोरीचं न जमणारं लग्न, जे कुणाला सांगता येत नाही ते बायका तिथं मोकळेपणानं सांगून येतात. डोंगर उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हलकेपण असतं ते खोटं नाही. ज्यांना ते हास्यास्पद वाटतं त्यांनी त्या बायकांना दुसरं कोणतं ऐकणारं दार उघडून दिलंय, ते आधी सांगावं.

पण याच डोंगराच्या नावानं लहान मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या, त्यांच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली गेली. डोक्यात जट आली, देवीनं बोलावलं. घरात एकामागून एक दुखणी आली, देवी कोपली, पोर सोडा. ही श्रद्धा होती का? मला वाटतं ही निव्वळ भीती होती, आणि त्या भीतीवर गावातल्या जमीनदारांचा, दलालांचा, आणि लांबच्या शहरांतल्या वस्त्यांचा धंदा चालला. सोडल्या गेल्या त्या बहुतेक दलित घरांतल्या मुली, हे काही देवीनं निवडलेलं नव्हतं. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना 1934 मध्ये देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. कर्नाटकानं 1982 मध्ये मुली सोडण्यावर बंदीचा कायदा केला. दोन कायद्यांच्या मधली जवळजवळ पन्नास वर्षं आणि नंतरचीही बरीच वर्षं माळ बांधणं चालूच राहिलं, कारण पोलिसापेक्षा देवीच्या कोपाचं भय मोठं होतं.

ते भय ज्यांनी मोडलं त्यांत बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी आहेत. सातव्या वर्षी त्यांना देवीला सोडलं होतं. पुढं 1997 मध्ये उभ्या राहिलेल्या, माजी देवदासींनीच चालवलेल्या संस्थेतून त्यांनी हजारो बायकांबरोबर काम केलं, आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामातला कठीण भाग कागदपत्रांचा किंवा शिलाई मशीनचा नसतो. 'मी ही माळ काढली तर माझ्या पोराला काही होईल का' या प्रश्नापाशी बाई थांबते, तो खरा कठीण भाग. जट सोडवतानाही तेच. न विंचरलेल्या केसांचा तो गुंता असतो हे डॉक्टर दोन मिनिटांत सांगतो, पण कात्री लावताना बाईचे हात कापतात. तेव्हा शेजारी बसलेली कुणी कार्यकर्ती म्हणते, देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे. कधी कुणी जाणती म्हातारी म्हणते, आई हाय ती, आपल्या लेकराचं वाईट कशी करंल? मला हे दुसरं वाक्य फार मोठं वाटतं. देवीवरचा भरवसा देवीच्या भयाला हरवतो तो तिथं. 'देवी नाहीच' असं सांगून जिथं बाई हललीच नसती, तिथं 'देवी आई आहे' या एका वाक्यावर ती कात्री लावू देते.

देव नाही म्हणणाऱ्यांचं, चिकित्सा करणाऱ्यांचं मोल मी यामुळं कमी मानत नाही. ते नसते तर माळ बांधणाऱ्यांना प्रश्न विचारणारंच कुणी उरलं नसतं. आणि त्यांच्या वाट्याला काय आलं ते आपल्या डोळ्यांदेखत आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडात लिंगायत शरणांच्या वचनांचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी. तिघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुणे, कोल्हापूर आणि धारवाड एकाच महामार्गावर आहेत आणि बेळगाव त्याच रस्त्यावर आहे. तो आमचा रोजचा रस्ता. या तिघांना मारण्यात धर्माचं रक्षण झालं असं मानणारे लोक आजही भेटतात, चहाच्या गाड्यावर उघड बोलतात. त्यांना मी एकच विचारत आलोय. देव तुम्हाला राखतो की तुम्ही देवाला राखताय? पहिलं खरं असेल तर वचनांवर संशोधन करणाऱ्या वृद्ध प्राध्यापकानं तुमच्या देवाचं काय बिघडणार होतं? आणि दुसरं खरं असेल, तर ज्याला तुमच्या पहाऱ्याची गरज आहे त्याच्याकडं आजारी पोरासाठी हात कशाला जोडता?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडं धर्मरक्षणाची भाषा वाढली ती नेमकी देवावरचा भरवसा पातळ होत गेला तेव्हा. जत्रेत आवाजाच्या भिंती वाढल्या, चौकाचौकांत पुतळ्यांवरून रात्री जागवल्या जाऊ लागल्या, व्हॉट्सअपवर रोज एका नव्या संकटाची बातमी येते आणि 'जागे व्हा' म्हणून सांगते. माझ्या आजीच्या पिढीतली माणसं गरिबी, प्लेग, पटकी, दुष्काळ यांत वाढली. त्यांना घाबरायला भरपूर कारणं होती. पण शेजारच्या गल्लीतल्या पिराला ऊद घातल्यानं आपला देव कोपेल, ही भीती त्यांना शिवली नव्हती. आजची मुलं मोटरसायकलवर झेंडा लावून फिरतात आणि ती भीती त्यांच्या डोळ्यांत दिसते. एखाद्याच्या श्रद्धेनं त्याची कुठली भीती कमी केली, एवढं बघावं. काहीच कमी झाली नसेल, किंवा नव्या दोन वाढल्या असतील, तर त्याला देवाचा आधार मिळालेला नाही, जमावाचा मिळालाय.

राहिला सगळ्यात अवघड आक्षेप. भरवसा ठेवूनही माणसं गेली, त्याचं काय? कोरोनात गेली, पुरात गेली, डोंगरावर दर्शनाला जाताना अपघातात गेली. नवस फेडायला निघालेल्या गाडीचा अपघात झाल्याची बातमी वाचली की कुणाचंही मन डळमळतं. याला माझ्याकडं जे उत्तर आहे ते नंदगडला मिळतं. खानापूर तालुक्यातल्या नंदगडला 26 जानेवारी 1831 ला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिलं. तिथं त्याची समाधी आहे, वडाचं झाड आहे, आणि मूल व्हावं म्हणून जोडपी तिथं येतात, मागणं मागतात. जरा विचार करा. ज्याला स्वतःला फासावरून कुणी वाचवलं नाही, त्याच्यापाशी लोक राखणीचं मागणं करतात. येणारे सगळे खुळे आहेत असं मी मानत नाही. त्यांना ठाऊक आहे की रायण्णा जगला नाही, पण डगमगलाही नाही. पोटी यावं ते असं यावं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. रायण्णा कन्नड की मराठी, त्याचा पुतळा कुठल्या चौकात असावा, यावर भांडणाऱ्यांनी एकदा त्या समाधीपाशी निवांत बसून येणाऱ्यांची मागणी ऐकावी.

नवसाचा मला कंटाळा येतो तो यामुळंच. 'एवढं कर, मग तुला हे देतो' यात विम्याचा हप्ता भरल्यासारखी खातरजमा हवी असते, आणि दावा नामंजूर झाला की देव खोटा ठरतो. दुसरं मूल दगावल्यावर देव्हाऱ्यातले टाक नदीत टाकणारी माणसं आमच्याकडं आहेत. त्यांचं दुःख खरं, त्यांना मी काय बोलणार? पण तेवढंच दुःख सोसून रोज दिवा लावणारीही आहेत. त्यांना विचारलं तर ती फारसं काही सांगत नाहीत. एकजण एवढंच म्हणाली, "त्यो बरोबर हुता म्हणून मी उभी ऱ्हायले." तिचं पोर वाचलं नव्हतं. या वाक्याला तर्कानं खोडता येईल, मला खोडायची गरज वाटत नाही. तिनं पुढं दोन नातवंडं वाढवली, बचत गट चालवला, पुरात स्वतःच्या घरात पाणी असताना अंगणवाडीतल्या पोरांचं सामान माडीवर चढवलं.

मग करायचं काय? माझी मागणी नदीकाठच्या गावांपुरती आणि अगदी ठरावीक आहे. दर पुरानंतर पुनर्वसनाची चर्चा निघते, उंचावरची जागा बघितली जाते, प्लॉट पडतात, आणि पुढं वर्षानुवर्षं तिथं कुसळं उगवतात. लोक जात नाहीत. अधिकारी म्हणतात लोकांना समजत नाही. पण त्या आराखड्यात घरं असतात, रस्ता असतो, शाळेची जागा असते, फार तर समाजमंदिर असतं. गावदेवीची जागा नसते. मसोबा, बसवण्णा, मारुती, पिराचा कट्टा यांपैकी कशाचीच नसते. सरकार देवळं बांधू शकत नाही हे मलाही कळतं, आणि बांधूही नयेत. जागा मात्र आखून देता येते, सगळ्यांच्या दैवतांना सारखी, पहिल्याच नकाशात. गाव स्वतःच्या वर्गणीनं बांधील. आपल्याकडं वर्गणीला कधी माणूस कमी पडत नाही. ज्या गावानं आपली देवी गाजत-वाजत नव्या जागी नेली, ते गाव तिच्या मागं जाईल. देवीला जुन्या जागी ठेवून माणसांना प्लॉट दिले, तर अर्धी माणसं परत नदीकाठी येतील, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये बोटी पाठवाव्या लागतील.

देवस्थान समित्यांनीही थोडं बसून ठरवावं. नदीपासून उंचावर असलेल्या प्रत्येक देवळाच्या, मठाच्या, दर्ग्याच्या आवारात जून उजाडायच्या आत जनावरांसाठी पत्र्याची शेड, वैरणीची गंजी आणि पाण्याची टाकी उभी राहायला हवी. कळसाला पितळेचा पत्रा एक वर्ष उशिरा बसला तरी चालेल. म्हशींची सोय आहे हे कळलं की निम्मी गल्ली पाणी चढायच्या आधीच हलते, हे नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा. या दोन गोष्टी, देवाच्या जागेसकट नकाशा आणि जनावरांची शेड, पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत ठराव करून घ्यायच्या आहेत. ठराव कन्नडमध्ये लिहिला जाईल, मराठी प्रतीची मागणीही त्याच बैठकीत करावी, आणि पीडीओची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याची, सही झाल्याशिवाय उठू नये.